कॅज्युअल्टीतून संशोधक डॉक्टर कसा घडवायचा: सातारा-सांगलीतल्या गाईडसाठी आणि रेसिडेंटसाठी

साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या पट्ट्यात आता मेडिकल कॉलेजांची वानवा नाही. साताऱ्याचं सरकारी कॉलेज नवं, कराडला कृष्णा, इस्लामपूरला (आता ईश्वरपूर) प्रकाश, सांगलीत भारती, आणि मिरजेचं सरकारी कॉलेज तर १९६२ पासूनचं. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं, त्यामुळे बाहेरगावच्या पेशंटला मिरजेला न्यायची सवय इथे चार पिढ्यांची आहे. पेशंटची कमतरता तर कधीच नव्हती. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे आणि खंबाटकीतले अपघात आहेत. गळिताच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर रात्री आदळलेले मोटारसायकलवाले येतात. कडबाकुट्टीत किंवा गुऱ्हाळाच्या चरकात हात गेलेले, विहिरीत पडलेले, तासगावकडचे औषध प्यायलेले, उसात फुरसं चावलेले हेही रोजचेच.

एवढं सगळं कॅज्युअल्टीतून जातं आणि त्यातून होतं काय? पीजीचा (एमडी-एमएसचा) थिसिस. बायंडिंग होतं, सह्या होतात, लायब्ररीच्या कपाटात जातो. त्या रेसिडेंटला (पीजी करणाऱ्या डॉक्टरला) पुढे आयुष्यात स्वतःहून एखादा प्रश्न घेऊन त्याचा माग काढता येईल का, हे कोणी विचारत नाही. हा लेख त्यासाठी आहे. अपघात आणि अतिदक्षता या विषयात पेशंटही बघणारा आणि संशोधनही करणारा डॉक्टर आपल्या जिल्ह्यात घडवायचा असेल तर कुठून सुरुवात करायची, काय टाळायचं आणि कोणत्या क्रमाने जायचं, ते इथे सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: कोर्स, वर्कशॉप, सर्टिफिकेट यांच्या आधी कॅज्युअल्टीत एक नीट रजिस्टर हवं. बाकीचं त्या रजिस्टरातून उगवतं.

माणूस निवडताना

नीटमध्ये वरचा रँक असलेला रेसिडेंट संशोधनात चांगला निघेलच असं नाही. मी दोन गोष्टी बघतो. एक, त्याचे रात्री तीन वाजताचे केसपेपर कसे असतात. दोन, राउंडला तो "सर, आपण हे असंच का करतो?" असं विचारतो का, आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी काही वाचून येतो का. सर्जरी, ऑर्थो, भूल, मेडिसिन, इमर्जन्सी मेडिसिन, कुठल्याही विभागाचा चालेल. विभागातून एकच निवडा. सगळ्या बॅचला "संशोधक" करायला निघालात तर कोणीच होत नाही.

आणि "हे सगळं मुंबई-दिल्लीला शक्य आहे, आपल्याकडे कुठे" असं कोणी म्हणालं तर त्याला आंबेनळी घाट उतरून महाडची गोष्ट सांगा. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरू केलं. विंचू चावलेल्या पेशंटच्या हृदयावर काय होतं, याची त्यांनी पेशंटजवळ बसून केलेली निरीक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली, १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाच्या उपचाराबद्दल लिहिलं, आणि २०११ मध्ये 'बीएमजे'त ७० पेशंटांची चाचणी छापून आली. फलटणच्या शेजारी बारामतीतही ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकांच्या विषबाधेच्या २०० पेशंटांवर प्रॅलिडॉक्सिम या उताऱ्याची चाचणी झाली आणि २००६ मध्ये 'लॅन्सेट'ने ती छापली. दोन्ही ठिकाणी संशोधकांनी आपल्याच दारात येणाऱ्या पेशंटचा प्रश्न घेतला होता.

वेळ लेखी घ्या

"जमेल तसं कर" असं सांगितलेल्या रेसिडेंटचं कधीच जमत नाही. अमेरिकेत एनआयएच ही सरकारी आरोग्य-संशोधन संस्था तरुण डॉक्टर-संशोधकांना के-०८, के-२३ नावाची अनुदानं देते, त्यांत कामाचा साधारण ७५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो; शस्त्रक्रिया करणाऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत सवलत असते. आपल्याकडे ७५ टक्के मागितले तर एचओडी (विभागप्रमुख) चहा पाजून परत पाठवतील. म्हणून आठवड्यात दोन अर्धे दिवस मागा, पण लेखी मागा. त्या वेळेत वॉर्ड कोण बघणार त्याचं नाव ड्यूटी रोस्टरमध्येच छापलेलं हवं. आणि हा अर्धा दिवस इमर्जन्सी ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. चोवीस-तीस तास जागलेला माणूस डेटा बघत नाही, तो की-बोर्डवर झोपतो.

अभ्यासक्रमातलाच थोडा वेळ यासाठी वापरता येतो. पीजीच्या नियमांत आता तीन महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, म्हणजे जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयातलं काम, आहे. बहुतेकांना ती कटकट वाटते. पण अपघाताचा अभ्यास करणाऱ्यासाठी ती सोन्याची संधी आहे, कारण पेशंट आपल्याकडे येण्याआधी त्याचं काय होतं हे तिथेच दिसतं. मेढा, पाटण, दहिवडी, जत इथल्या रुग्णालयांत रात्री जखमी आला की कोण बघतं, कोणती औषधं फ्रीजमध्ये आहेत, १०८ यायला किती वेळ लागतो, पुढे पाठवताना चिठ्ठीवर काय लिहितात. तिथल्या मेडिकल ऑफिसरशी आणि सिस्टरशी झालेली ओळख पुढे डेटा गोळा करताना फार कामाला येते.

रजिस्टर: पहिलं वर्ष यातच घालवा

एका कागदाच्या दोन बाजूंवर मावेल एवढाच फॉर्म करा. २५ ते ३० रकाने पुरेत. शंभर रकान्यांचा फॉर्म पहिल्या आठवड्यात उत्साहाने भरला जातो, दुसऱ्या महिन्यात अर्धा, आणि दिवाळीनंतर कोणी हात लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अपघात आणि इमर्जन्सी पेशंटसाठीचा नमुना फॉर्म उपलब्ध आहे. त्यावरून आपल्याला लागणारे रकाने घ्या आणि स्थानिक पर्याय त्यात घाला. "वाहन अपघात" एवढं लिहून काय कळणार? उसाची ट्रॉली, उभा ट्रक, बैलगाडी, आडवा आलेला कुत्रा, हेल्मेट होतं का नव्हतं, हे वेगळं हवं. "यंत्रात हात" लिहिण्यापेक्षा कडबाकुट्टी, मळणी यंत्र, चरक असे वेगळे रकाने करा.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना वेळेचा. अपघात किती वाजता झाला, पहिल्या दवाखान्यात किती वाजता पोचला, आपल्याकडे किती वाजता आला. नातेवाईक घड्याळाची वेळ सांगत नाहीत. "दिवेलागणीला", "बाजार उठताना", "कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा" असं सांगतात. अशा उत्तरावरून तास काढायला रेसिडेंटला शिकवा, आणि वेळ नक्की आहे की अंदाजे, यासाठी शेजारी एक चौकट ठेवा. पहिला फोन कोणी कोणाला केला ते विचारलं की मोबाईलच्या कॉल लिस्टमध्ये वेळ सापडते. ही युक्ती इंटर्नलाही लवकर जमते.

आता केसपेपरवरच्या आकड्यांचं. कुठल्याही कॅज्युअल्टीतले जुने केसपेपर काढून बघा: श्वासाचा वेग बहुतेकांचा १८ नाहीतर २०, आणि ब्लड प्रेशर शून्यावर संपणारं. तो २० मोजलेला नसतो, लिहिलेला असतो. जखमीची गंभीरता ठरवणाऱ्या रिव्हाइज्ड ट्रॉमा स्कोअरमध्ये तीनच गोष्टी असतात: जीसीएस (पेशंट किती शुद्धीवर आहे याचे गुण), वरचं ब्लड प्रेशर आणि श्वासाचा वेग. त्यातली एक कायमची खोटी असेल तर पुढचं कितीही चकचकीत विश्लेषण करा, पाया गेलेलाच. म्हणून पहिल्या महिन्यात नव्या मुलाला एवढंच काम द्या. मोबाईलवर एक मिनिट लावून श्वास मोजायचे. त्याच पेशंटचे इंटर्नने स्वतंत्रपणे मोजायचे. महिन्याअखेरीला दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे. मोजमापातली चूक म्हणजे काय, हे कुठल्याही लेक्चरपेक्षा या कागदावर स्वच्छ दिसतं.

जीसीएसही तसाच. १९७४ मध्ये ग्लासगोत टीसडेल आणि जेनेट यांनी तो दिला तेव्हापासून डोळे, बोलणं, हालचाल असे तीन भाग आहेत. आपल्याकडे नुसतं "जीसीएस १०" लिहायची पद्धत पडली. तीनही भाग वेगळे लिहायचे, आणि श्वासाची नळी टाकण्याआधीचा की नंतरचा, गुंगीचं औषध दिलं होतं का, हेही लिहायचं. दारू प्यायलेल्याचा जीसीएस कमी दिसतो, म्हणून तो "दारूच आहे" म्हणून सोडून द्यायचा नाही. कोणत्याही सर्जनला असा एखादा पेशंट आठवत असेल, ज्याच्या डोक्यात सकाळी रक्ताची गाठ निघाली.

गंभीरतेचा कोणता स्कोअर घ्यायचा यावर फार वाद घालू नका. इंज्युरी सिव्हिरिटी स्कोअर जगभर चालतो. सर्वांत जास्त मार लागलेल्या तीन भागांच्या गुणांचे वर्ग करून बेरीज, जास्तीत जास्त ७५. पण त्यासाठी आतल्या जखमा माहीत असाव्या लागतात. सीटी होण्याआधीच गेलेल्या पेशंटचा स्कोअर त्यामुळे उगाच कमी येतो, म्हणजे सगळ्यात गंभीर माणूस कागदावर किरकोळ जखमी ठरतो. यावर उपाय दोन. फोरेन्सिक विभागाशी बोलून, रीतसर परवानगीने, पोस्टमॉर्टेमच्या नोंदी जोडून घ्या. आणि सोबत युगांडातला कम्पाला ट्रॉमा स्कोअर ठेवा. तो वय, ब्लड प्रेशर, श्वास, शुद्ध आणि गंभीर जखमांची संख्या यांवर बसतो, सीटी लागत नाही.

शेवटचा रकाना: पुढे काय झालं. "डिस्चार्ज" हे उत्तर अपुरं आहे. डामा घेऊन (डॉक्टरांचा सल्ला डावलून) गेलेले, पुण्याला किंवा कोल्हापूरला हलवलेले, घरी जाऊन आठवड्याने गेलेले, सगळे हिशेबात हवेत. त्यासाठी दोन नातेवाइकांचे फोन नंबर घ्या आणि तिसाव्या दिवशी फोन करा. डोक्याला मार लागलेल्यांना सहा महिन्यांनी पुन्हा. ऊसतोड कामगारांच्या बाबतीत इथे मोठी गळती होते. हंगाम संपला की टोळी बीडकडे नाहीतर विजापूरकडे परत जाते आणि कारखान्यावर असताना घेतलेलं सिमकार्ड बंद पडतं. गावाकडच्या माणसाचा नंबर दाखल होतानाच मागा. मुकादमाचा नंबर घेतलात तर पेशंटला विचारून घ्या, आणि मुकादमाला आजाराबद्दल एक अक्षर सांगू नका. उचल घेतलेल्या माणसाचा हात कायमचा गेलाय, हे मुकादमाला कळण्याचे परिणाम आपल्याला माहीत आहेत.

कागदावरून कॉम्प्युटरवर आणताना शक्यतो एक्सेल टाळा. एक कॉलम सॉर्ट झाला आणि बाकीचे जागेवर राहिले की कोणाचं ब्लड प्रेशर कोणाला चिकटेल सांगता येत नाही, आणि चूक झाली हे कळतही नाही. डेटा भरायचं रेडकॅप हे सॉफ्टवेअर संस्थेमार्फत विनामूल्य मिळू शकतं, एपी-इन्फो कोणालाही फुकट आहे. नाव आणि नंबर एका कुलूपबंद वहीत, बाकी डेटा कोड नंबरने. आठवड्यातून एकदा तासभर बसून त्या आठवड्याचे फॉर्म तपासा. गाईडने स्वतः बसायचं. गाईड बसला नाही की दोन महिन्यांत रजिस्टर मरतं.

प्रश्न बारीक करा

सहाएक महिने रजिस्टर चाललं की प्रश्न स्वतःहून दिसायला लागतात. रेसिडेंटचा पहिला प्रश्न नेहमी प्रचंड असतो: "अमुक औषधाने मृत्यू कमी होतात का?" त्याला ओरडू नका, गणित करायला लावा.

उदाहरण रक्तस्राव आवरणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं घ्या. २०१० मध्ये आलेल्या क्रॅश-२ चाचणीत ४० देशांतल्या २७४ हॉस्पिटलांत २०,२११ जखमी होते, त्यांत भारतातलेही पेशंट होते. एकूण मृत्यू १६.० टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. औषध स्वस्त, म्हणून दीड टक्क्याचा फरकही मोलाचा. पण हाच फरक आपल्याला ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के) दाखवायचा असेल तर प्रत्येक गटात साधारण ९,००० पेशंट लागतील. रेसिडेंटने हे गणित स्वतः मांडलं की मिरजेत एकट्याने ही चाचणी करायचा विचार त्याच्या डोक्यातून आपोआप जातो.

मग उरतं काय? बरंच. २०११ मध्ये त्याच चाचणीच्या आकड्यांचं पुन्हा विश्लेषण झालं. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर आले होते. तीन तासांनंतर दिलेल्यांत मात्र ते ३.१ वरून ४.४ टक्क्यांवर गेले, म्हणजे उशिरा दिलं तर अपायच. आता जतहून मिरजेला, दहिवडीहून कराडला निघालेल्या पेशंटचा विचार करा. आपल्याकडे येणाऱ्या रक्तस्रावाच्या पेशंटपैकी किती जण तीन तासांच्या आत पोचतात? किती जणांना पहिल्याच दवाखान्यात डोस मिळालेला असतो? हा प्रश्न एका रेसिडेंटला, एका वर्षात, जवळजवळ बिनखर्चाने सोडवता येतो. साधारण २० टक्क्यांना डोस मिळाला असेल असा अंदाज धरला आणि पाच टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं, तर २४६ पेशंट पुरतात. आणि उत्तर मिळालं की जतच्या मेडिकल ऑफिसरला दाखवता येतं. मोठ्या चाचणीचं उत्तर आपल्या रस्त्यावर कितपत पोचलं, हे शोधणं दुय्यम काम नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यांसाठी सर्वांत मोलाचं संशोधन हेच आहे.

वाचन या प्रश्नाभोवतीच ठेवा. जर्नल क्लबला (विभागातल्या शोधनिबंध-वाचनाच्या बैठकीला) ताजा पेपर वाचून दाखवायचा आणि समोसे खायचे, यातून फारसं हाती लागत नाही. एकाच प्रश्नावरचे एकमेकांशी भांडणारे दोन पेपर द्या. २००१ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या एका सर्जिकल आयसीयूतल्या १,५४८ पेशंटांत इन्सुलिनने साखर घट्ट आवळून ठेवल्यावर मृत्यू कमी झाले; जगभर प्रथा पडली. २००९ मध्ये नाइस-शुगर चाचणीत ६,१०४ पेशंट घेतले तेव्हा घट्ट साखरेच्या गटात मृत्यू जास्त निघाले, २७.५ विरुद्ध २४.९ टक्के. किंवा घरजवळचं उदाहरण: बारामतीच्या चाचणीत प्रॅलिडॉक्सिमच्या मोठ्या डोसचा फायदा दिसला, तर श्रीलंकेत २००९ मध्ये छापून आलेल्या २३५ पेशंटांच्या चाचणीत दिसला नाही. पेशंट वेगळे होते का, विष वेगळं होतं का, येण्याची वेळ वेगळी होती का? यावर रेसिडेंट आणि गाईड तासभर भांडले तर तो जर्नल क्लब झाला.

परदेशातली उत्तरं जशीच्या तशी उचलू नयेत, हे पटवायला २०११ ची फीस्ट चाचणी पुरते. केनिया, युगांडा, टांझानियातल्या ३,१४१ आजारी मुलांना सलाइनचा बोलस (एकदम भरभर दिलेलं सलाइन) देऊन पाहिला, जे श्रीमंत देशांत सर्रास देत होते. बोलस मिळालेली मुलं जास्त दगावली.

एथिक्स कमिटी आणि संमती

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची संशोधन-नीतीची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचायला लावा, कोणाच्या स्लाइडवरून नको. औषधाची चाचणी असेल तर नवी औषधं आणि चाचण्यांचे २०१९ चे नियमही. उपचारांची तुलना करणारी चाचणी सीटीआरआयवर (चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदवायची ती पहिला पेशंट घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.

कमिटीत एक सर्वसामान्य नागरिक असतो. रेसिडेंटने आपला अभ्यास त्या सदस्याला मराठीत, इंग्रजी शब्दांची फोडणी न घालता, पाच मिनिटांत सांगता येईल अशी तयारी करावी. ज्याला हे जमत नाही, त्याला स्वतःलाच अभ्यास कळलेला नसतो.

अपघाताच्या संशोधनातली खरी अडचण संमतीची. पेशंट बेशुद्ध, सोबत आलेला माणूस रस्त्यावरचा, भाऊ अजून गावाहून निघालाय. जिथे फक्त केसपेपरातली माहिती घ्यायची आहे तिथे कमिटी संमतीत सूट देऊ शकते. ती आधी मागा, गृहीत धरू नका. बाकी ठिकाणी कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यायची आणि पेशंट शुद्धीवर आला की त्याला स्वतःला विचारायचं. तो नाही म्हणाला तर नाही. वाचता न येणाऱ्याची संमती घेताना संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. वॉर्डातल्या मावशींना बोलावून अंगठ्याशेजारी सही घ्यायची, हे त्यात बसत नाही.

संमतीपत्रकाची भाषा सरकारी असते: "सदर संशोधन प्रकल्पामध्ये सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नसून…" भेदरलेल्या बापाला यातलं काय कळणार? असं बोला: "काका, तुमच्या मुलावरचे उपचार चालूच आहेत, ते थांबणार नाहीत. आम्हाला त्याच्या कागदांतली माहिती लिहून ठेवायची आहे आणि महिन्याभराने तुम्हाला एक फोन करायचा आहे. तुम्ही नको म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. आत्ता सांगायलाच हवं असं नाही, उद्या सांगितलंत तरी चालेल." हेच वाक्य कागदावरही लिहा.

अपघाताची केस म्हणजे एमएलसी (पोलिसांना कळवायची केस), आणि नातेवाइकांना पहिली भीती असते की या फॉर्ममुळे क्लेम अडकेल. संशोधनाचा फॉर्म केसपेपरपेक्षा वेगळा आहे हे सांगा. पण "हे कोणालाच कधीच दिसणार नाही" असं वचन देऊ नका, कोर्टाने कागद मागितला तर द्यावा लागतो. म्हणून चूक कोणाची होती, असले शेरे फॉर्मवर मुळात नकोतच.

एक गोष्ट आधीच करून ठेवण्यासारखी. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीला चेंगराचेंगरी झाली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. अशा वेळी कमिटीची मीटिंग भरवायला कोणाला सवड नसते, आणि नंतर आठवणीवरून लिहिलेल्या डेटाला किंमत नसते. सामूहिक दुर्घटनेसाठीचा एक पानी फॉर्म आणि प्रोटोकॉल आत्ताच मंजूर करून कपाटात ठेवा.

आकड्यांशी मैत्री

आयसीएमआरच्या चेन्नईतल्या संस्थेचा मूलभूत संशोधनाचा ऑनलाइन कोर्स पीजींना करावाच लागतो. तो चांगला आहे, पण बहुतेक जण परीक्षेच्या आदल्या रात्री व्हिडिओ पळवतात. रजिस्टर हातात असताना केला तर प्रत्येक धड्याला स्वतःचं उदाहरण मिळतं.

पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा झाल्यावर जायची रीत आहे. प्रोटोकॉल लिहितानाच जा. विश्लेषण कसं करणार हे डेटा उघडण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवा. आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. रेसिडेंटने निदान तक्ते आणि आलेख स्वतः काढावेत.

अपघाताच्या डेटातले दोन सापळे मात्र गाईडनेच दाखवायला हवेत. पहिला: उशिरा आलेल्यांत मृत्यू कमी दिसतात. नवखा मुलगा लिहून मोकळा होतो की उशिराने काही बिघडत नाही. अहो, जतहून चार तासांनी जिवंत पोचला तो मुळात तगणारा होता. जो तगणारा नव्हता तो कवठे महांकाळच्या अलीकडेच गेला, तो आपल्या रजिस्टरात आलाच नाही. दुसरा: गायब आकडे. ज्याची नाडी लागत नव्हती त्याचं ब्लड प्रेशर "नॉट रेकॉर्डेबल", कॉम्प्युटरवर रिकामी चौकट. रिकाम्या चौकटी असलेले पेशंट गाळले की नेमके मरणारेच गाळले जातात आणि आपल्या हॉस्पिटलचा निकाल एकदम झकास दिसतो. "मोजलं नाही" आणि "मोजता आलं नाही" यांना वेगळे कोड द्या.

मृत्यूची कारणं शोधणारं मॉडेल बांधायची हौस सगळ्यांना असते. २०० पेशंटांत ३० मृत्यू असतील तर तीनेक घटकांपलीकडे जाऊ नका. पंधरा घटक घातले तर कॉम्प्युटर उत्तर देईल, पण ते उत्तर पुढच्या वर्षीच्या पेशंटांवर टिकणार नाही.

दोन गाईड, आणि प्रयोगशाळेची घाई नको

एक गाईड कॉलेजातला, जो रोज भेटेल. दुसरा बाहेरचा, ज्याने असं संशोधन स्वतः छापलंय आणि ज्याला आपल्या एचओडीची भीड नाही. महिन्यातून एक व्हिडिओ कॉल पुरतो, पण त्याआधी दोन पानं लिहून पाठवायची सक्ती हवी. पाच कॉलेजांनी मिळून महिन्यातून एक शनिवार ठेवला, आळीपाळीने कराड, मिरज, सातारा, आणि प्रत्येक रेसिडेंटने आपला अडलेला मुद्दा मांडला, तर हळूहळू एकच फॉर्म पाचही ठिकाणी वापरता येईल. एका हॉस्पिटलात मिळत नाहीत तेवढे पेशंट मग मिळतील.

रक्ताचे नमुने, बायोमार्कर (आजाराची खूण दाखवणारे रक्तातले घटक) वगैरे दुसऱ्या टप्प्यावर. सुरू करण्याआधी एवढंच विचारा: रात्री तीनला नमुना कोण फिरवणार, उणे ८० चा फ्रीजर बॅकअपवर आहे का, आणि वीज गेली तर कोणाचा फोन वाजणार? तिन्हींना नावं असतील तर जरूर करा.

पैसा

रजिस्टरला फारसा पैसा लागत नाही. एक डेटा एंट्री करणारा माणूस मिळाला तरी खूप. एमबीबीएसच्या मुलांना आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस ही विद्यार्थी-संशोधन योजना आहे, तीत त्यांना तीस दिवसांच्या फोनचा अभ्यास देता येतो. पीजी थिसिससाठी आयसीएमआरचं अर्थसाहाय्य आहे. पुढे तरुण शिक्षकांसाठी पीएचडीच्या योजना आहेत, आणि २००८ पासून संशोधनाला निधी देणाऱ्या इंडिया अलायन्सच्या फेलोशिप डॉक्टरांसाठीही आहेत. तिथे स्पर्धा कडक असते आणि अर्जात पहिली विचारणा असते ती आधी काय करून दाखवलंत याची. दोन वर्षांचं स्वच्छ रजिस्टर हे त्याचं उत्तर. अटी आणि रकमा बदलत असतात, म्हणून थेट त्यांच्या वेबसाइटवर बघा, सीनियरच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

लिहिणं आणि नाव

लिहायला शेवटी बसू नका. डेटा येत असतानाच पद्धतीचा भाग लिहून होतो. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोबची (असे अभ्यास कसे लिहायचे याच्या नियमावलीची) २२ मुद्द्यांची यादी समोर ठेवा. लेखक कोण हे सुरुवातीलाच कागदावर ठरवा. ज्याने काम केलं, लिहिलं, अंतिम मसुदा पाहिला आणि जबाबदारी घेतली, तो लेखक. विभागात खुर्ची आहे म्हणून नाव घालायची रीत मोडायला थोडं वाईट व्हावं लागतं, ते गाईडने व्हावं, रेसिडेंटला पुढे करू नये. "आठ दिवसांत छापून देतो, एवढे पैसे भरा" असा ईमेल आला तर उत्तर देऊ नका. फायदा दिसला नाही असा निकालही छापायला पाठवा.

इंग्रजी पेपरसोबत एक पान मराठीतही लिहा. ते १०८ च्या डॉक्टरांना, ग्रामीण रुग्णालयांना आणि ट्रॉलीचा प्रश्न असेल तर कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याला द्या. मागच्या बाजूला रिफ्लेक्टर लावा, हे सांगायला 'लॅन्सेट'ची वाट बघायची गरज नाही.

रेसिडेंट निघून जाताना

तीन वर्षांनी तो जाणारच. त्याच्यासोबत पासवर्ड, रकान्यांचे अर्थ आणि फोन करायची यादी जाऊ देऊ नका. शेवटच्या तीन महिन्यांत दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला शेजारी बसवा. प्रत्येक रकाना कसा भरायचा, कोणता कोड कधीपासून बदलला, कोणत्या महिन्यात मशीन बंद होतं म्हणून सीटीच्या वेळा नाहीत, हे सगळं एका वहीत लिहून घ्या. नवा मुलगा जुन्याच्या देखरेखीखाली महिनाभर एकटा रजिस्टर चालवेल, जुना फक्त तपासेल. ज्या दिवशी जुन्याला तपासताना चूक सापडणार नाही, त्या दिवशी त्याच्या नो-ड्यूजवर सही करा.